लॉबीतलं ऑलिव्ह आणि रस्त्यातला वड

झाडावरच्या सिनेमात झाड कुठे उभं आहे हे मी आधी बघतो. बऱ्याचदा ते मागे असतं. नायक-नायिका त्याच्याखाली भेटतात, म्हातारी माणसं त्याच्या सावलीत बसून शहाणपणाचं बोलतात, आणि कुणी ते तोडायला आलं की पार्श्वसंगीत वाढतं. 'एल ओलिवो' या स्पॅनिश सिनेमात झाड सुरुवातीलाच उपटून नेलेलं आहे. उरलेल्या सिनेमात आपण त्याचा खड्डा बघतो, आणि तो खड्डा एका घरात पडलेला असतो.

सिनेमा २०१६चा. दिग्दर्शन इसियार बोयाइनचं, पटकथा पॉल लॅव्हर्टीची. केन लोचच्या 'आय, डॅनियल ब्लेक'सारख्या सिनेमांमुळे लॅव्हर्टीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गोष्ट स्पेनच्या पूर्वेकडच्या कास्तेयोन प्रांतातली आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीत दोन हजार वर्षांचं ऑलिव्हचं झाड होतं. आजोबा रामोन यांचा ते विकायला ठाम विरोध होता. मुलांनी तरीही ते ३० हजार युरोंना विकलं, कारण समुद्रकिनाऱ्यावर रेस्टॉरंट काढायचं होतं आणि परवानगीसाठी लाच द्यायला पैसे लागत होते. पुढे रेस्टॉरंटही गेलं. झाड गेल्यापासून आजोबा हळूहळू गप्प होत गेले. आता ते बोलत नाहीत आणि जेवायलाही मागत नाहीत. वीस वर्षांची नात आल्मा कोंबड्यांच्या फार्मवर काम करते, अस्वस्थ झाली की स्वतःचे केस उपटते. झाड परत आणलं तर आजोबा परत येतील, असं तिच्या मनाने घेतलेलं आहे. झाड सध्या जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या मुख्यालयाच्या लॉबीत आहे. आल्मा काकाला आणि आपल्यावर जीव असलेल्या राफाला सोबत घेते, झाड परत मिळायचं ठरलंय असं खोटंच सांगते, आणि तिघं एक भलामोठा ट्रक घेऊन निघतात.

माझ्या मते यातल्या तीन गोष्टी फार चांगल्या जमल्या आहेत.

पहिली, खलनायक घरातला आहे. झाडं वाचवायच्या आपल्या गोष्टींमध्ये सहसा 'ते' असतात: ठेकेदार, मंत्री, बिल्डर, बाहेरून आलेली यंत्रं. इथे पोटची मुलंच झाड विकतात, आणि ती राक्षस नाहीत. बांधकामाच्या तेजीचे दिवस आहेत, आजूबाजूचे सगळे किनाऱ्यावर काहीतरी उभं करून पैसे कमावतायत, आणि आपण मात्र ऑलिव्ह झोडपत बसायचं? बापाने झाडाकडे भावनेने पाहिलं, मुलांनी ताळेबंद म्हणून पाहिलं. शेतीच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे भांडण नवं नाही. बांधावरचा आंबा ठेवायचा की विकायचा, यावरून भावाभावांची बोलणी बंद झालेली घरं आपल्यालाही माहीत असतात.

दुसरी गोष्ट, झाड उपटण्याचा प्रसंग. लहानगी आल्मा झाडावर चढून बसते, खाली उतरायला तयार नसते. खाली यंत्र उभं, आजोबा हतबल, आणि घरातलीच माणसं तिला उतरवायला धडपडतायत. हे सगळं आरडाओरड्यात, गोंधळात, धुळीत घडतं. कुठेही काव्य नाही. नंतर छाटलेल्या फांद्यांचं ते धूड उचललं जातं तेव्हा ते झाडापेक्षा क्रेनला लटकलेल्या सामानासारखं दिसतं. ऑलिव्हचं असं करता येतं, हीच त्याची अडचण आहे. हे झाड भलतंच चिवट. फांद्या जवळपास सगळ्या छाटा, मुळं तोडा, मातीच्या गोळ्यासकट ट्रेलरवर चढवा, हजार मैलांवर नेऊन लावा, नीट काळजी घेतली तर पुन्हा फुटतं. म्हणूनच त्याचा बाजार उभा राहिला. जे झाड उपटल्यावर मरतं ते निदान विकलं तरी जात नाही.

तिसरी गोष्ट, आजोबांचं गप्प राहणं. ही भूमिका करणारे मानुएल कुकाला व्यावसायिक नट नाहीत, आणि ते जाणवतं. ते चेहऱ्याने काही सांगायचा प्रयत्नच करत नाहीत. आजोबांच्या लेखी ते झाड आपल्या मालकीचं नव्हतंच. आधीच्यांनी दिलं, पुढच्यांना द्यायचं, मध्ये आपण राखणदार. राखणदाराकडून ठेव चोरीला गेल्यावर त्याने कोणत्या तोंडाने बोलायचं? आल्माचं काम करणाऱ्या आना कास्तियोला यासाठी गोया पुरस्कार मिळाला तो योग्यच होता, पण सिनेमा तोलून धरलाय तो या न बोलणाऱ्या माणसाने.

आता माझ्या तक्रारी.

प्रवासाचा भाग मजेशीर आहे. काकाचे पैसे बुडवणाऱ्या माणसाकडून उचललेला स्वातंत्र्यदेवतेचा एक नकली पुतळाही ट्रकवर आहे, आणि युरोपच्या हायवेवरून निघालेली ही वरात बघायला धमाल येते. पण ट्रक जर्मनीत पोचला की सिनेमा पातळ होत जातो. कंपनीला चेहरा नाही. हिरवी प्रतिमा मिरवायला झाड वापरणारी ढोंगी कंपनी, एवढंच तिचं वर्णन पुरेसं मानलंय. दरम्यान आल्माच्या मैत्रिणींमुळे इंटरनेटवर बातमी पसरते, जर्मन पर्यावरणवादी तरुण जमतात, लॉबीबाहेर घोषणा सुरू होतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, एखादी पोस्ट कशी पसरते ते रोज आकड्यांत बघतो, त्यामुळे मला हा भाग सर्वात कच्चा वाटला. गर्दी कुठून आली, तिला या झाडाशी काय देणंघेणं, आणि दुसऱ्या दिवशी ती कुठे गेली, यातलं काहीच सिनेमा विचारत नाही. जमलेल्या माणसांचा उपयोग पार्श्वसंगीतासारखा होतो.

लॉबीतलं झाड मात्र डोक्यातून जात नाही. काच, उंच छत, गुळगुळीत फरशी, आणि मध्ये एक वेडावाकडा, पीळ पडलेला बुंधा. आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्याला हे दृश्य ओळखीचं आहे. आमच्याकडेही रिसेप्शनजवळ कुंडीतली मोठी झाडं असतात, त्यांना पाणी घालायचं कंत्राट वेगळ्या एजन्सीकडे असतं, आणि एखादं वाळलं तर सोमवारी सकाळी त्याच जागी त्याच उंचीचं दुसरं असतं. आम्हाला पत्ताही लागत नाही. 'एल ओलिवो'चा खरा प्रश्न मला इथे दिसतो: झाड बदलून चालतं का? एकाच्या जागी दुसरं, एका जागेऐवजी दुसरी जागा?

आणि नेमका इथेच शेवट घसरतो. झाड परत येत नाही. आल्मा जर्मनीत असतानाच आजोबा जातात. त्या झाडाची एक फांदी परत आणली जाते, आणि गावच्या जमिनीत तिच्यापासून नवं झाड लावलं जातं. डोळ्यांत पाणी येतंच, माझ्याही आलं. पण मग थोड्या वेळाने प्रश्न पडतो. फांदीने भागत असेल, तर दीड तास काय चाललं होतं? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने फांदीपासून वाढवलेलं झाड आणि मूळ झाड यांचा वाण एकच. पण आजोबा ज्याच्यासाठी गप्प झाले तो वाण नव्हता. एकाच ठिकाणी दोन हजार वर्षं उभं राहण्याला काही अर्थ आहे, असं सिनेमा दीड तास सांगतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत 'नवीन लावलंय ना' म्हणून आपली पाठ थोपटतो.

सिनेमा ज्या प्रदेशात घडतो तिथली खरी गोष्ट मला या शेवटापेक्षा जास्त रंजक वाटते. वॅलेन्सिया, कॅटालोनिया आणि अरागोन जिथे मिळतात तिथे 'तेरितोरी सेनिया' म्हणून ओळखला जाणारा पट्टा आहे. सत्तावीस गावं, आणि जगातल्या पुरातन ऑलिव्हच्या सर्वात दाट वस्त्यांपैकी एक. जमिनीपासून १.३० मीटरवर बुंध्याचा घेर साडेतीन मीटरहून जास्त असेल ते झाड तिथे 'सहस्रवर्षी' धरतात. अशा हजारो झाडांची मोजणी करून नोंद केलेली आहे. उल्देकोना गावातल्या एका झाडाची लागवड इसवी सन ३१४च्या सुमाराची असल्याचं माद्रिदच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या अभ्यासकाने काढलंय.

अशी झाडं इथून खरोखरच उपटून विकली जात होती. व्हिला, गोल्फ कोर्स, चौक सजवायला. २००६ साली वॅलेन्सियाने कायदा केला: ३५० वर्षांहून जुनं, किंवा बुंध्याचा घेर सहा मीटर, किंवा उंची तीस मीटर, किंवा फांद्यांचा विस्तार पंचवीस मीटर असलेलं कुठलंही झाड, कुणाच्याही जमिनीत असो, संरक्षित. सिनेमातला व्यवहार गोष्टीच्या बारा वर्षं आधीचा, म्हणजे या कायद्याच्या अलीकडचा. गंमत अशी की त्याच पट्ट्यात, हद्दीच्या पलीकडे कॅटालोनियात, स्मारक ऑलिव्हसाठी वेगळा कायदा यायला २०२० उजाडलं. झाडाला हद्द कळत नाही, ट्रेलरवाल्याला मात्र चांगली कळते.

पण कायद्याइतकंच महत्त्वाचं काम तेलाने केलं. या पट्ट्यातल्या गावांनी आणि तेल गाळणाऱ्यांनी जुन्या, नोंद झालेल्या झाडांचं तेल वेगळं काढून वेगळ्या लेबलने जास्त भावात विकायला सुरुवात केली. झाडं जागेवर बघता यावीत म्हणून शेतांमध्येच खुली संग्रहालयं केली. २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या भागाला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. म्हणजे 'हे झाड पैसे देत नाही' या मुलांच्या वाक्याला प्रत्यक्षातलं उत्तर सापडलं होतं, आणि ते उत्तर फक्त प्रेमाचं नव्हतं. त्यात टेप घेऊन घेर मोजणारी माणसं होती, बाटल्यांची लेबलं होती, ग्रामसभांसारख्या कंटाळवाण्या बैठका होत्या. सिनेमाला यातलं काही नको होतं. त्याला आजोबा आणि नात हवी होती. हा दिग्दर्शिकेचा हक्क आहे, पण त्यामुळे सिनेमा अपराधी भावनेच्या पुढे जात नाही.

हे सगळं मला एवढं का टोचतं, याचं कारण सांगली जिल्ह्यात आहे.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावात, मिरजहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळ एक वड होता. वय सुमारे चारशे वर्षं, विस्तार सुमारे ४०० चौरस मीटर. २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार होता. गावकरी आणि सांगलीचे पर्यावरणप्रेमी उभे राहिले, जुलैमध्ये सोशल मीडियावर मोहीम पेटली, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं, आणि झाड वाचवून रस्त्याच्या आखणीत बदल करायचं ठरलं. त्या आठवड्यात माझ्या प्रत्येक ग्रुपवर तो वड होता. ज्यांनी भोसे नकाशावर कधी पाहिलं नव्हतं त्यांनीही फोटो टाकले. मीही फॉरवर्ड केला. बातमीचा मथळा सगळीकडे एकच: वटवृक्ष वाचला.

जून २०२२मध्ये तो वड कोसळला.

'एल ओलिवो'वर लिहिणाऱ्यांनी 'झाड परत आलं असतं तर?' असा प्रश्न विचारलेला मला दिसला नाही. भोसेने त्याचं उत्तर दिलंय. झाड वाचणं हा एक दिवस असतो, त्यानंतर झाडाला रोज जगायचं असतं. आपल्या गोष्टी त्या एका दिवशी संपतात, आपल्या बातम्याही. वाचलेल्या वडाच्या शेजारी रस्त्याचा भराव किती उंच आला, खोदाई मुळांपासून किती अंतरावर झाली, एका बाजूच्या फांद्या छाटल्या तर दुसऱ्या बाजूच्या वजनाचं काय, हे विचारायला कुणाची नेमणूक नसते. आमच्या धंद्यात याला साधा शब्द आहे, मेंटेनन्स. नवीन फीचर लॉन्च झालं की केक कापतात. मेंटेनन्सचा केक मी अजून खाल्लेला नाही.

वडाच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण वड ही गोष्टच वेगळी आहे. ऑलिव्ह एका बुंध्यात म्हातारं होतं. वड पसरत म्हातारा होतो. फांदीवरून पारंबी सुटते, जमिनीला टेकते, रुजते, जाड होते आणि फांदीला खालून टेकू देते. त्या टेकूवर फांदी आणखी लांब जाते. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रचंड वडाचा मूळ बुंधा बुरशीने कुजला म्हणून १९२५ साली काढून टाकावा लागला. वड आजही आहे, पारंब्यांवर. मधला बुंधा गेला तरी झाड चालू. म्हणजे वडाच्या बाबतीत संरक्षण करायचं ते बुंध्याचं तर आहेच, पण त्याहून फांद्यांखालच्या मोकळ्या मातीचं आहे. पारंबीला उतरायला माती लागते. खाली डांबर, साईडपट्टी आणि काँक्रीटचं गटार असेल तर पारंबी लोंबत राहते, किंवा ट्रकला लागते म्हणून कापली जाते. मग चारशे वर्षांचा वड आपला भार एकट्या बुंध्यावर घेऊन उभा राहतो. आपण 'वाचला' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बुंधा वाचलेला असतो.

योगायोग असा की भोसेच्या मोहिमेनंतर वर्षभरातच, २०२१मध्ये, महाराष्ट्राने वृक्षसंरक्षणाच्या १९७५च्या कायद्यात 'वारसा वृक्ष' ही संकल्पना आणली. पन्नास वर्षांहून जुनं झाड म्हणजे वारसा वृक्ष. ते तोडावंच लागलं तर त्याचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. कायद्याचा हेतू चांगला आहे, आणि तो नसण्यापेक्षा असणं हजारपट बरं. पण हा कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे, भोसेसारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला तो लागू होत नाही. आणि त्यातलं ते सूत्र बघा. शंभर वर्षांचं एक झाड म्हणजे शंभर रोपं. इंजिनिअर म्हणून मला हे सूत्र लगेच कळतं, आवडतंही, कारण ते एक्सेल शीटमध्ये बसतं. वाचक म्हणून मात्र हीच ती फांदी आहे. जे गेलं त्याच्या बदल्यात काहीतरी लावलं की हिशेब मिटला, ही 'एल ओलिवो'च्या शेवटाची गोड समजूत इथे कायद्याच्या भाषेत आलेली आहे. शंभर रोपांची सावली बेरीज करून एका पाराएवढी होत नाही. निदान शंभर वर्षं तरी नाही.

आपल्याकडे झाड राखण्याची जुनी पद्धत देवाची आहे. वडाला दोरा, पिंपळाला प्रदक्षिणा, उंबराखाली दत्त. ती कामाची आहे, तिने देवराया टिकवल्या. पण तिलाही मर्यादा आहेत, आणि त्या उमेश कुलकर्णीच्या 'देऊळ'ने २०११मध्येच दाखवल्यात. केशाला उंबराखाली दत्त दिसतो, आणि बघता बघता गावात देऊळ, दुकानं, जाहिराती उभ्या राहतात. त्या सगळ्या गजबजाटात उंबराकडे कोण बघतं? 'देऊळ' हा झाडावरचा सिनेमा नाही, पण 'एल ओलिवो'नंतर तो पुन्हा पाहिला तर दोन्हींतलं साम्य लख्ख दिसतं. एकीकडे कंपनी झाडाला हिरवी प्रतिमा करते, दुसरीकडे गाव झाडाखालच्या जागेची बाजारपेठ करतं. दोन्हीकडे झाडाचा उपयोग होतो आणि झाडाची काळजी घेणं राहून जातं.

तरीही 'एल ओलिवो' बघाच. घरातल्या मोठ्या माणसासोबत बघता आला तर उत्तम, सबटायटल वाचून दाखवावे लागले तरी. झाडाच्या जाण्याने माणूस मुका होऊ शकतो, हे इतक्या साधेपणाने सांगणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. आल्माचा राग खरा आहे. घरातल्यांचा पश्चात्ताप खरा आहे. माझं भांडण आहे ते दुःखाला फांदीचं औषध लावून मोकळं होण्याशी.

मराठीत कुणी भोसेच्या वडावर सिनेमा केलाच, तर माझी एक विनंती आहे. मोहिमेचा विजय मध्यंतराच्या आधी संपवून टाका. मध्यंतरानंतर कॅमेरा त्याच रस्त्याकडेला ठेवा. पावसाळा, उन्हाळा, पुन्हा पावसाळा. खाली उतरू पाहणारी एक पारंबी, तिला जमिनीपर्यंत नेण्यासाठी चिरलेल्या बांबूची नळी बांधणारा कुणीतरी माणूस, आणि 'हे काम नक्की कुठल्या खात्याचं?' म्हणून त्याने मारलेल्या चकरा. दोन तास एवढंच दाखवलं तरी मी तिकीट काढून जाईन.